पाटानं प्यालेलं पाणी

या, जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरकावं, आणि टाळ घटकाभर मांडीवर ठेवावेत. आज राजाची नाही, ऋषीची नाही, एका पाणकराची कथा सांगतो. गोष्ट एवढीशीच आहे, पण तिच्यात जो तो गोंधळलेला आहे. बाप गोंधळलेला, गुरुजी गोंधळलेले, आणि शेवटी तर एक मोठा साहेबही गोंधळला. तेव्हा ऐकताना तुम्ही गोंधळलात तर लाजू नका. कान तेवढे इकडे द्या.

नागऱ्याच्या महादेवापासून दोन कोस चाललं की खैरटोला लागायचा. पन्नास-साठ घरं, एक मारुती, एक तळं. तळं कोण्या राजानं बांधलेलं नव्हतं. गावच्याच शेतकऱ्यांच्या खापरपणज्यांनी टोपल्या टोपल्या माती वाहून त्याचा बांध उभा केला होता, आणि त्या बांधाच्या पोटात पाणी सोडायचं दार ठेवलं होतं. ते दार उघडायचं, पाटानं पाणी शेतोशेत फिरवायचं आणि ज्याला त्याला त्याची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, द्यायची, हे काम एकाच घराचं. पाणकराचं. मी सांगतो त्या काळी, म्हणजे आपला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन दीडेक वर्ष झालं होतं तेव्हा, पाणकर होता बकाराम.

बकारामजवळ खांद्याएवढी बांबूची एक काठी होती. आश्विनात पाऊस पाठ फिरवायचा, धान गर्भात असायचं आणि सगळ्यांचे डोळे तळ्याकडे लागायचे, तेव्हा त्या काठीचं राज्य सुरू व्हायचं. ज्याच्या शेताची बारी, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काठी रोवायची. सावली पडली तिथं एक रेघ, जिथवर जायची तिथं दुसरी. सावली दुसऱ्या रेघेला टेकली की फावडं मारून पाणी पुढच्या शेतात. मग तो सख्खा भाऊ असो की गावचा पाटील. एका कोरड्या साली बकारामच्या बापानं सावली टेकली म्हणून स्वतःच्याच शेतातलं पाणी फिरवलं होतं, आणि घरचं अर्धं धान पोचट निघालं होतं. त्या पोचट धानाची गोष्ट बकाराम अशी सांगायचा, जशी दुसरा कोणी वाघ मारल्याची सांगेल.

त्याला एक मुलगी. धुरपता. वय दहा, आणि शाळेत दुसरीत तिसरं वर्ष. आता तुम्ही म्हणाल, पोरगी मंद असेल. तर तसं नव्हतं हो! मारुतीच्या देवळात ऐकलेलं आख्यान ती घरी येऊन आईला, रुख्माला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, बुवांच्या खाकरण्यासकट. पण पुस्तक उघडलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. घरात तिच्याआधी कोणी पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. होती ती एक पोथी, रुख्मानं माहेरून आणलेली. लाल फडक्यात बांधलेली, कोनाड्यात ठेवलेली. श्रावणात ती वाचायला दरसाल नागऱ्याहून माणूस बोलवावा लागे, आणि तो घाईत असे. रुख्माला एकच वाटे, आपली पोट्टी शिकावी आणि पोथी घरच्या तोंडानं ऐकावी.

दिवाळीला बकारामची बहीण नंदाबाई मुर्रीहून आली. गोंदियाच्या बिडी कारखान्याची पानं घरी आणून बिड्या वळायची ती.

"दादा, तीन वर्स एकाच वर्गात?" ती म्हणाली. "मास्तर का तिले तिथं लोणच्यावानी मुरवून राहिला? दे माझ्याकडे. बोटं बारीक आहेत, बिडी चांगली वळन."

रुख्मा चुलीकडे तोंड करून बसली. बकारामनं मिशी चोळली आणि म्हणाला, "फागुनात साहेब परीक्षा घ्याले येते. तेव्हा वाचलं त राहू दे शाळेत. नाही वाचलं त होळी झाली का घेऊन जाय."

बोललेला शब्द बकाराम फिरवत नसे. हे रुख्माला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि शाळा गाठली.

शाळा म्हणजे कौलारू ओसरी, चार वर्ग आणि एक मास्तर. केवळराम गुरुजी. अंगानं काडी, आणि घसा असा, की दुपारनंतर आवाज फाटायचा. त्यांनी रुख्माचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तिला थोडं जास्त लागतं, एवढंच. शाळा सुटली की मी तिला आणि आणखी तिघांना तासभर वेगळं घेऊन बसतो. जादा तास. त्याचं काही द्यायचं नाही."

झालं, जादा तास सुरू झाला. रुख्मा हरखली. पण चौथ्याच दिवशी विहिरीजवळच्या पारावर शालीकराम भेटला. शालीकराम म्हणजे ज्याचं शेत पाटाच्या अगदी शेंड्याला, आणि ज्याची जीभ सगळ्यांच्या पुढं.

"काय गा बकाराम!" तो मोठ्यानं म्हणाला. "शेतात त बोटभर पाणी कोणाले जास्त देत नाहीस, अन् शाळेत पोट्टीले दोन दोन बाऱ्या लावून घेतल्या? पाणकराचं घर म्हणून का?"

पारावरचे हसले. शालीकरामही हसला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण बकाराम हसला नाही. घरी जाऊन तो ओट्यावर बसला आणि त्याला काही सुचेना. खरंच की! सगळ्यांची पोरं सकाळी अकरापासून साडेचारपर्यंत, आणि आपली साडेपाचपर्यंत. तो एक तास आला कुठून? आकाशातून तर पडला नाही. कोणाच्या तरी शेतातून आला असणार. कोणाच्या, ते कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणूनच त्याला जास्त लागत होतं. चोरी झाली हे दिसतंय आणि घर कोणाचं फुटलं ते दिसत नाही, अशी त्याची गत.

पोरीला जादा तासाला पाठवू नये? तर रुख्माचं तोंड बघवेना. पाठवावं? तर बापाच्या पोचट धानाला काय उत्तर द्यावं?

दोन दिवस तो असाच फिरला. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन शाळेत गेला, अंगणातल्या निंबाजवळ उन्हात रोवली, आणि तिच्यापुढं एक रेघ ओढली. धुरपताला म्हणाला, "ओसरीतून ही रेघ दिसते ना तुले? सावली रेघेले टेकली का उठायचं. पाटी घेऊन निंबाखाली बसायचं, शाळा सुटेपर्यंत. सुटली का मंग जादा तासाले जायचं. अन् कोणाले सांगू नको. आपण बरोबर वागतो हे लोकाइले सांगत फिरायचं नसते."

शाळा सुटायच्या बरोबर एक तास आधी सावली रेघेला टेकत असे.

रुख्मानं ऐकलं आणि तव्यावरची पोळी तशीच राहिली. "म्हंजे एक तास जादा अन् एक तास कमी? मंग जादा झालं कोठं?"

"जादा नाही झालं," बकाराम समाधानानं म्हणाला. "बरोबर झालं."

आता गुरुजींचं पहा. त्यांना यातलं काही माहीत नाही. वाचनाचा तास लागला, सगळी पोरं पुस्तकं उघडून बसली, की धुरपता उठते आणि चालू लागते. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं, लघवीला जात असेल. पण ही परत येईना. निंबाखाली बसून राही, आणि सुटीची घंटा झाली की आपणहून हजर. विचारलं तर खाली मान.

त्यात त्या काठीचं एक वेगळंच झालं. कशाला रोवली हे पोरांना कळेना, आणि पाणकराची काठी हलवायची छाती गावात कोणाची नव्हती. एका सोमवारी कोणीतरी तिला कुंकू लावलं. गुरुवारी झेंडूचं फूल आलं. एक म्हातारी तर धानाची लोंबी बांधून, हात जोडून गेली. गुरुजी पडले भाविक. गावचा काही देव असेल, आपण नवखे, म्हणून तेही येता-जाता काठीला वळसा घालून जाऊ लागले.

गुरुजींनी विचार केला, पोरगी वाचनाला भिते. भीती जायला सराव हवा. म्हणून पौषात त्यांनी सकाळी शाळेआधी आणखी एक तास तिच्यासाठी काढला.

आणि बकारामनं रेघ तासभर अलीकडे ओढली.

म्हणजे गुरुजी जितकं पुढं भरतील, तितकं बाप मागून उपसतोय! पोरीची अर्धी दुपार निंबाखाली चाललीय, लिंबोळ्यांच्या जुन्या बिया मोजण्यात. आणि फाल्गुन महिना आला दोन महिन्यांवर.

शेवटी गुरुजी एक दिवस बकारामच्या घरी आले. रुख्मानं घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं.

"बकारामजी," गुरुजी म्हणाले, "तुमची मुलगी भर वर्गातून उठून जाते. काही नवस-बिवस आहे का त्या काठीचा?"

"काठी माझी आहे जी."

"तुमची?"

"हो जी. बारीची आहे." आणि बकारामनं सगळं सांगितलं. सावली, रेघ, दोन तास वर, दोन तास खाली. सांगताना त्याला वाटत होतं, गुरुजी शाबास म्हणतील.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. मग हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "अहो, पण मी तिला शिकवतो तेव्हा दुसऱ्याचं काय जातं? बाकीची पोरं तर घरी गेलेली असतात!"

"ते मले कळून नाही राहिलं जी. पण एका ठिकाणी जास्त गेलं म्हंजे दुसरीकडे कमी होतेच. माझा जनम गेला यात."

"मी काय तळं आहे आटायला?"

बकारामनं त्यांच्याकडे पाहिलं. "आटून त राहिले जी तुम्ही. दिवाळीच्या पहिले तुमचा आवाज विहिरीपर्यंत येत होता. आता फाटकापर्यंत येत नाही."

गुरुजींचा हात आपसूक घशाकडे गेला. खोटं थोडंच होतं ते! पेल्यातलं घोटभर पाणी पिऊन त्यांनी घसा ओला केला आणि उठताना एवढंच म्हणाले, "माझ्या घशाचं मी पाहीन. पोरीला उठवू नका हो."

बकाराम दारापर्यंत गेला. पण ठरवता त्याला काही आलं नाही. गुरुजी खोटं बोलणारा माणूस नाही, आणि काठीही खोटं बोलणारी नाही. मग दोघांत मेळ का बसत नाही?

आता नीट ऐका, कारण इथं आम्हा कीर्तनकारांचं आवडतं ठिकाण येतं.

माघात मारुतीच्या देवळात सप्ताह झाला आणि शेवटच्या दिवशी दुपारी काल्याचं कीर्तन. भैयाजीबुवा उभे. काय गळा होता त्या माणसाचा! पहिला आलाप घेतला की उन्हात उभं राहून अंगावर काटा यायचा. बकाराम झांज धरून मागं उभा. पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, दोनदा ठेका चुकला, मृदंगवाल्यानं डोळे वटारले.

कथा अर्ध्यावर आली, गवळ्यांची पोरं शिदोऱ्या सोडायला बसली, तेवढ्यात नाल्यापलीकडच्या टोलीतल्या, त्या लहानशा वस्तीतल्या, पाच-सहा बाया आल्या. पाय धुळीनं भरलेले, कडेवर लेकरं. बुवांनी हात वर करून मृदंग थांबवला.

"आल्या का माया? बसा, बसा. पाणी प्या. तर मी सांगत होतो..." आणि त्यांनी कथा पुन्हा पहिल्यापासून धरली.

पुढच्या रांगेत शालीकराम. तो कशाला गप्प बसतो! "बुवा, हे त सांगून झालं!"

"तुझं झालं ना बापा," बुवा म्हणाले. "तुझं घर देवळाले लागून. तू उठला अन् टेकला. ह्या माया दोन कोस चालत आल्या. ते चालणं का ह्याईच्या कीर्तनात धरू मी?"

देऊळ हसलं. शालीकरामही हसला, आणि दुसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच गायला, कारण आता त्याला ते पाठ झालं होतं.

बकारामची झांज मात्र अधांतरी थांबली.

पाटही असाच, त्याच्या मनात आलं. वर्षभर कोरडा पडलेला पाट आधी स्वतः पाणी पितो. तळ्याजवळच्या शेतात पाणी लगेच शिरतं, शेंड्याच्या शेतापर्यंत जायला अर्धा अर्धा दिवस लागतो. पण काठी रोवतात ती पाणी शेताला टेकल्यावर. वाटेत पाटानं प्यालेलं पाणी कोणाच्याच बारीत धरत नाहीत. त्याच्या बापानं धरलं नाही, आज्यानं धरलं नाही. आणि शेंड्याला शेत कोणाचं? शालीकरामचं! दरसाल अर्धा दिवस पाणी त्याच्यासाठी वाटेत जिरत होतं, आणि आजवर कोणी 'जादा' म्हणालं नव्हतं.

पण मग पुढची गाठ सुटेना. घरी जाताना तो स्वतःशीच बोलत होता. "पोट्टी त गुरुजीच्या पुढं हातभर अंतरावर बसते. टोलीतल्या बायाइवानी दुरून थोडीच येते? मंग पाट कोठं आहे इथं?"

त्यानं मागून येणाऱ्या धुरपतालाच विचारलं. "काय वो, गुरुजी बोलते ते तुले पोचते का नाही?"

धुरपता पावलं उचलत त्याच्या बरोबरीनं आली. "पोचते बाबा. पण पहिले कोरडं कोरडं लागते. गुरुजी बोलत राहते, बोलत राहते, मंग हळूहळू ओलं होते."

"मंग?"

"ओलं झालं का तुमची सावली टेकते."

बकाराम रस्त्यातच थांबला. त्याला सगळं समजलं असं म्हणू नका, समजलं नव्हतं. पण तो तसाच उलटा फिरला, शाळेच्या अंगणात गेला आणि काठीपुढं उभा राहिला. कुंकू, झेंडू, लोंबी. त्यानं आधी हात जोडले, मग काठी उपटली, आणि रेघ पायानं पुसली.

तिथून महिना-सव्वा महिना उरला होता. धुरपता पूर्ण शाळा बसली, सकाळचा तास बसली, संध्याकाळचा तास बसली. रुख्मा रोज तिच्या हाती गुरुजींसाठी ज्येष्ठमधाचा काढा पाठवी. फाल्गुन लागला, नंदाबाई आधीच येऊन बसली, आणि साहेब सायकलवरून आले. टोपी, चष्मा, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ.

ओसरीच्या बाहेर आईबाप उभे. साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "दुसरीची मुलं. प्रत्येकाला पाच मिनिटं. समोरचं पान वाचायचं."

पाच मिनिटं सगळ्यांना सारखी. बकारामला हा माणूस पाहताक्षणी आवडला.

शालीकरामचा पोरगा फाडफाड वाचून मोकळा झाला. मग धुरपता. तिनं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. ओठ हलेनात. गुरुजी घसा धरून उभे. रुख्मानं डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं, मग एक शब्द आला. मग खूप वेळानं दुसरा. मग एक ओळ. मग पुन्हा थांबली. नंदाबाईनं हळूच रुख्माचा हात धरला, तिलाही बघवेना.

साहेबांनी घड्याळ उचललं. "बस. वेळ झाला. पुढचा."

"साहेब!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बकाराम ओसरीच्या पायरीवर चढला होता. जन्मभर सावली टेकली की पाणी फिरवणारा माणूस, आज तोच घड्याळापुढं आडवा आला होता.

"साहेब, पाटाचा वेळ धरू नका."

"काय? कोण तुम्ही?"

"पाणकर आहो जी. आता कोठं पाणी टेकलं. पाटानं पिलेलं बारीत धरत नाहीत जी आमच्यात."

"कसलं पाणी? कसला पाट?" साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. "मास्तर, हे काय म्हणून राहिले?"

गुरुजींनी तोंड उघडलं. पण काय सांगावं आणि कुठून सांगावं, तळ्यापासून की निंबाजवळच्या काठीपासून, त्यांना कळेना. "म्हणजे साहेब, त्याचं असं आहे, की इथं जे तळं आहे..." एवढं बोलले आणि आवाज फाटला.

"तळ्याचा परीक्षेशी काय संबंध?"

"नाही साहेब, शेंड्याचं शेत..." बकाराम म्हणाला.

"कोणाचं शेत?"

"माझं जी," बाहेरून शालीकराम ओरडला. "पण बकाराम खरं बोलते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेव्हा कुठं त्यांच्या कानावर एक बारीक आवाज आला, आणि बाकीच्यांच्याही. ओसरीत मोठी माणसं भांडत होती खरी, पण धुरपताला कोणी 'पुस्तक मीट' असं म्हटलंच नव्हतं. ती वाचत होती. बोट ओळीवरून सरकत होतं, न थांबता, कीर्तनाच्या संथ चालीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित हेल देऊन. पान संपलं. तिनं बोट ओलं केलं, पान उलटलं, आणि पुढचं वाचू लागली.

साहेब ऐकत राहिले. घड्याळ त्यांच्या हातात तसंच उघडं. दुसरं पान अर्धं झालं तेव्हा त्यांनी झाकण मिटलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुटपुटले, "मला काही समजलं नाही. पण मुलगी वाचते."

नंदाबाई होळी करून एकटीच मुर्रीला गेली. जाताना धुरपताच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बिड्या काय, वळाले मी आहोच."

आणि बकाराम? परीक्षेच्या संध्याकाळी तो शालीकरामच्या दारात उभा. "तुझ्या पोट्ट्याचा वेळ त कमी नाही ना झाला, गा?"

"अबे, त्याचं त पहिलेच झालं होतं!"

"तरी पाहून घे एकदा," बकाराम म्हणाला, आणि डोकं खाजवत घरी गेला.

त्या श्रावणात लाल फडकं सुटलं. धुरपता वाचायची, अडायची, पुन्हा मागून धरायची. ऐकायला शेजारच्या बाया यायच्या. कोणी उशिरा आली की ती आपणहून पहिल्या ओवीवर जायची. बकाराम दाराशी बसून ऐकायचा. अखेरपर्यंत त्याला ते कोडं पुरतं सुटलं नाही, की गुरुजींच्या त्या तासाचं पाणी आलं कुठून आणि कोणाचं शेत त्यापायी कोरडं राहिलं. एक शेत त्याला दिसत होतं, गुरुजींचा घसा. म्हणून केवळराम गुरुजींची बदली होईपर्यंत काढा त्यांच्याकडे जात राहिला.

चला, उचला आता टाळ. फक्त एक मागणं आहे. तुमच्या गावच्या शाळेत, सगळी पोरं घरी गेल्यावर, ओसरीत एखादं लेकरू बोट ठेवून वाचताना दिसलं, तर वेळ विचारू नका. घटकाभर थांबा, आणि त्या पाणकराची आठवण करा. ज्याला समजलं नव्हतं, तरी ज्यानं आपली काठी उपटली, त्या बकारामची.